आश्विनातलं पुरुमेंत

मोरजाईच्या पायांची आण घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा असला तर उद्या सकाळी पाववाला पोदेर माझ्या दारावरून पोंपों न करता सरळ पुढे जावो आणि मला चहाबरोबर पावाऐवजी शिळी भाकरी खायची पाळी येवो. माझ्या वयात ह्याहून मोठी शिक्षा नाही. माझ्या आजोबांनी पेडण्याच्या बाजारात जिवंत मगर रेडा म्हणून विकली होती, ती गोष्ट मी सांगते तेव्हा तुम्ही हसता. हसा. कदाचित म्हैस म्हणून विकली असेल. पण क्षमाची गोष्ट तसली नव्हे. क्षमा म्हणजे आमच्या शेजारच्या गुरुदासची बायको. माहेर डिचोलीकडचं, मयेचं. अर्धं आयुष्य दोघांनी पणजीत सरकारी नोकरीत काढलं आणि निवृत्त झाल्यावर इथे मांद्रेत, त्याच्या घरी, परत आली. तिच्या मनातलं मला कसं कळलं म्हणाल, तर दुपारची ती माझ्याकडे सोलकढी प्यायला यायची, आणि पोटात सोलकढी गेली की माणसाच्या आतलं बाहेर येतं. उरलेलं मी ओळखलं. ओळखणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

तर आश्विनातली सकाळ. दसऱ्याचं तोरण अजून दारावर हिरवंच होतं, सुकणार कसं, पाऊस जायचं नावच घेत नव्हता. क्षमा विळीवर नारळ खवत बसलेली. गुरुदास परसातून आला, पायांना चिखल, उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "गे, मानकुरादाक मोहर आयलो." पोदेर आला म्हणावं तितक्या सहज. क्षमाचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं. झाडाकडे नाही. हे तिच्या मागाहून लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर हातातली नारळाची वाटी तिला जड झाली. परसातलं मानकुराद आंब्याचं झाड तिथून दिसतं, मान वळवायचा अवकाश. पण मान वळली ती त्याच्याकडे. आणि नुसतं बघितलं नाही, तपासलं. शर्टाची बटणं बरोबर लागलीत का, ओठाचा कोपरा सरळ आहे का, नजर कुठे लागलीय. बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघतात तसं. मग म्हणाली, "चा ठेवूं?" आणि तो म्हणाला, "दवर." एवढंच. मोहर दोघांच्या मध्ये तसाच राहिला. मोहर यायचा तो थंडीत. ह्या घरात सून म्हणून आली त्या पहिल्या पौषात पहाटे पाणी तापवायला ती परसात गेली होती, आणि काळोखात कुठून तरी आंबटगोड, थोडा कडवट वास अंगावर आला होता, धूर आणि दव आणि तो वास, तिघांचं मिळून एकच पांघरूण. सासू, सुमंगलाबाई, मागून आली होती आणि म्हणाली होती, "थंडी लागल्याबगर आंबो फुलना, आनी दुख लागल्याबगर सून शाणी जायना." तेव्हा क्षमाला राग आला होता. आता तोच वास नाकात जसाच्या तसा उभा राहिला, आणि बाहेर आभाळ भरलेलं, अंगाला घाम, पंखा चालू. आश्विनात मोहर. असं कोण म्हणतं? ज्याचा महिना हरवला तो.

कारण हे पहिलं नव्हतं. आठवड्यापूर्वी गुरुदास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आला तो रिक्षा भरून. मिठाचं पोतं, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, सोडे, सुक्या मिरच्या. रिक्षावाला उतरवतोय आणि हा मोजून घेतोय. क्षमाला क्षणभर कळेचना हे काय. मग कळलं. हे पुरुमेंत. पावसाचे चार महिने दार उघडायला लागू नये म्हणून आपल्याकडे घरोघर चैत्र-वैशाखात भरून ठेवतात ते. चैत्र-वैशाखात! आश्विनात पुरुमेंत करणारा माणूस म्हणजे चतुर्थीला गुढी उभारणारा माणूस. आणि त्याने ते सगळं गच्चीवर पसरलं, पंचे अंथरून, मधूनमधून उन्हाकडे बघत. कुंपणापलीकडून शेजारच्या शालिनीने बघितलं. शालिनीने बघितलं म्हणजे मोरजीपर्यंत गेलं.

"वयनी, भाऊन आतांच पुरुमेंत केलां? ह्या वर्साचें काय फुडल्या वर्साचें?"

"सवाय मेळ्ळें गो, म्हणून हाडलें," क्षमा म्हणाली. स्वस्त कुठलं, नवऱ्यासाठी तिने मारलेली ही पहिली थाप.

"आश्विनांत सुकें सवाय? माका पत्तो दी, हांव म्हज्या घोवाक धाडटां. तोय घरांतच बसून कुसता."

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला, हळूच, फोडावर हात ठेवावा तसा. गुरुदास बांगड्याचा काटा काढत शांतपणे म्हणाला, "वैशाखांत आतां ऊन खंय आसता? आदल्या वर्सा सोलां बुरशेलीं, याद कर. मे महिन्यांत पावस. काजूय गेले. आज ऊन आसा, तर आज सुकोवंक जाय. म्हयन्याचें नांव पळोवन सुकें सुकता काय?" ह्यात चूक काय, तिला सापडेना. आणि चूक सापडेना ह्याचीच तिला जास्त भीती वाटली. डोकं फिरलेल्या माणसाचं बोलणं सरळच असतं, वाकडं असतं ते जग, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचलं होतं फोनवर. हल्ली ती त्याच्याबद्दल फोनवर वाचायची, तो आंघोळीला गेला की. विसरायच्या आजारात आधी तारखा जातात म्हणे, मग ऋतू, मग वाटा, मग माणसं. जुनं मात्र टिकतं, लख्ख. हे वाचल्यापासून तिला तो पूल आठवायचा. शिवोलीच्या पुलावरून दोघं स्कूटरवर चालली होती, खाली नदी भरून, आणि मध्यावर त्याने वेग कमी केला आणि म्हणाला, "आज फेरी बंद दिसता." पूल होऊन कितीतरी वर्षं झाली. फेरी कुठली? ती हसली. हसून थांबली, कारण त्याचं हसू ऐकू आलं नाही. डोक्यावर हेल्मेट, ती मागे बसलेली. हेल्मेटातलं तोंड मागून कसं दिसणार? चेष्टा होती की काय होतं, हे विचारायला हवं होतं तेव्हाच. विचारलं नाही. आणि न विचारलेली गोष्ट घरात उंदरासारखी राहते, दिसत नाही, पण रात्रंदिवस कुरतडत असते.

आता तिच्या लिहिण्याचं सांगायला हवं. निवृत्तीनंतर मुलीने, तेजस्विनीने, तिला ब्लॉग काढून दिला होता. नाव 'सोप्यावरून', कारण दाराशी जो बसायचा सोपा, तिथे बसून ती फोनवर लिहायची. मराठीत लिहायची. घरात बोलायची आपली कोंकणी, भांडायची तिच्यातच, पण लिहायला बसली की मराठी. गोवा घटक राज्य झालं त्या काळात भाषेवरून माणसं भावकीत बोलेनाशी झाली होती, आणि गुरुदास म्हणायचा, आमच्या घरात तंटा नाही, जीभ एका पक्षाची आणि पेन दुसऱ्याचं. सुरुवातीला ती खरं लिहायची. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या कशा बसल्या, त्यांच्यावरची जांभळ्या फुलांची वेल कशी गेली, मोरजीला कासवं हल्ली उशिरा येतात, आगरवाड्याच्या मिठागरात अवेळी पावसाने मीठ कसं विरघळून गेलं. कोणी वाचेना. मग तिने थोडं तिखटमीठ लावायला घेतलं. समुद्र भरतीला माडापर्यंत आला होता, तो तिने तुळशीपर्यंत आणला. मी तिला म्हटलं, "बाये, आणलाच आहेस तर चुलीपर्यंत आण." पण तिला मर्यादा होती. माणसं वाचू लागली. लांबलांबचे लोक, पुण्याचे, दुबईचे, लिहायचे, अंगावर काटा आला. आणि पुढच्याच मे महिन्यात वादळ आलं आणि समुद्र खरोखर तुळशीपर्यंत आला. वृंदावनाच्या पायरीवर शेवाळ आणि एक प्लास्टिकची चप्पल ठेवून गेला. क्षमा त्या पायरीवर बसून राहिली होती. आपण लिहिलं म्हणून तो आला, असं तिला वाटलं. हे वेड्यासारखं आहे हे तिला कळत होतं आणि तरी वाटत होतं. खोटं बोलायला जागाच उरली नाही ह्या जगात, दुसऱ्या वर्षी ते खरं होऊन दारात उभं राहतं. पन्नास वर्षं माझा हाच धंदा, म्हणून सांगते, तिचं दुःख मला समजलं.

ह्या लिहिण्याखाली हल्ली कोणीतरी लिहायला लागलं होतं. नाव नाही. 'एक वाचक' एवढंच. तिने मयेच्या तळ्यावर लिहिलं, लहानपणी एका उन्हाळ्यात तळं इतकं आटलं की आम्ही पोरं ह्या काठावरून त्या काठावर चालत गेलो. खाली दुसऱ्या दिवशी एक वाक्य: 'तळे त्या वर्षी आटले नव्हते. फक्त कडेला चिखल होता.' ना कौतुक, ना शिवी. क्षमाला ते वाक्य पायात रुतलेल्या शिंपल्यासारखं लागलं. कोण हा? तिने भावाला, सुदेशला, फोन लावला, तो अजून मयेतच राहतो.

"सुदेश, तू माझ्या ब्लॉगवर लिहितोस?"

"ताई, हांव लायटीचें बिल सोडून कांय वाचना. तेंवूय बायल वाचून दाखयता."

"मग तळें आटलेलें काय ना, तें सांग."

"आटलेलें? ताई, तूं त्या तळ्यांत बुडटालीस! बाबान केंसांक धरून भायर काडली. सुक्या तळ्यांत कोण बुडता गो?"

ती हसली. तो हसला. फोन ठेवल्यावर तिचं हसू गेलं, कारण बुडाल्याचं तिला आठवेना. केस ओढल्याचं आठवेना, पाणी नाकात गेल्याचं आठवेना. आठवत होतं ते सुकं तळं, भेगा पडलेली माती, भेगांत अडकलेली मेलेली मासळी, जी तिने स्वतः, ह्याच सोप्यावर बसून, वाक्याला शोभा यावी म्हणून घातली होती. घातलेली ती. पण डोळे मिटले की तीच दिसत होती, वासासकट.

मग समुद्राच्या जुन्या लेखाखाली: 'त्या वर्षी समुद्र माडापर्यंतच आला. तुळस कोरडी होती.' म्हणजे हा वाड्यावरचाच कोणीतरी. आता क्षमाचं बघणंच बदललं. शालिनी दोरीवर कपडे घालताना मान वर करून बघते ती कशाला? रस्त्यापलीकडचा गेस्टहाऊसवाला, ज्याचा ह्यांच्या जागेवर कधीचा डोळा आहे, तो फोनमध्ये काय वाचत असतो? तिने एकदा माझ्यावरसुद्धा संशय घेतला. सोलकढीचा पेला तोंडाशी नेताना विचारलं, "आजी, तुम्ही तर नव्हे?" मी म्हटलं, "बाये, मी आजवर कोणाच्या खोट्याला अडवलंय?" तेव्हा तिला पटलं.

आणि मग तो फेरीचा लेख. पुलावर तो जे बोलला ते डोक्यातून जाईना म्हणून तिने फेरीवर लिहिलं. घटक राज्य झालं त्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न, वरात मयेहून मांद्रेला चालली होती, शिवोलीला फेरीत चढली आणि नदीच्या मधोमध सुकतीला फेरी चिखलात रुतली. नवी नवरी, नवा नवरा, बाशिंगं, ट्रंका, आणि पाणी उतरत चाललेलं. भरती येईपर्यंत हलायचं नाही. तेव्हा एका ख्रिस्ती म्हातारीने बाजाराची टोपली उघडली आणि सगळ्या वरातीला फणसाचे गरे वाटले, मधासारखे, असं तिने लिहिलं. सुंदर झालं होतं. दुबईवाले रडले. दुपारी तिने फोन उघडला आणि खाली वाचलं: 'गरे नव्हते. जांभळे होती. नवरीच्या शालूच्या पदराला डाग पडला, तो सासूला दिसू नये म्हणून तिने पदर नवऱ्याच्या उपरण्याखाली धरून ठेवला होता. मांद्रे येईपर्यंत.'

सोप्यावर बसल्या जागी तिने ते पुन्हा वाचलं. त्या उपरण्याखाली काय होतं हे जगात दोनच माणसांना माहीत. ती उठली, आतल्या खोलीत गेली, पलंगाखालची ट्रंक ओढली. डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली शालू, घडीवर घडी. पदर उलगडला. डाग होता. जांभळा राहिला नव्हता, तपकिरी झाला होता, जुन्या रक्तासारखा, तळहाताएवढा. तिने त्यावर तळहात ठेवला. म्हणजे गरे नव्हते. पण गरे तिने मुद्दाम घातले होते का? हे तिला आठवेना. समुद्र मुद्दाम आणला होता, ते पक्कं माहीत. मासळी मुद्दाम घातली, तेही. पण गऱ्यांच्या वेळी मन थांबून म्हणालं होतं का, इथे जरा गोड घालूया? की हाताला तेच खरं वाटलं आणि हाताने लिहून टाकलं? तोंडात तर फणसाचीच चव येत होती. तिने जांभळाची चव आठवायचा प्रयत्न केला, जीभ जड होते ती, दात निळे होतात ते. काही येईना. बाहेर गुरुदास परसात पाचोळा ओढत होता, खराट्याचा आवाज एका लयीत येत होता, आणि तिला वाटलं, हा इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपणारा माणूस माझ्यामागून हिंडत माझी वाक्यं पुसतोय. का? लाज काढायला? की जुनं तेवढं लख्ख राहिलंय म्हणून? फोनवर वाचलेलं आठवलं. जांभळं आठवतात, महिना आठवत नाही. सगळं जुळत होतं. संशयाचं असंच असतं बघा, त्याला काहीही खायला घाला, तो पुष्टच होतो.

ती परसात गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मान वर करून मानकुरादाकडे बघितलं. मोहर होता. एका बाजूच्या फांदीवर, समुद्राकडच्या, फिकट पिवळे तुरे, पावसाच्या थेंबांनी वाकलेले, आणि त्यांच्यावर एक माशी. तिने फांदी खाली ओढून नाक लावलं. वास होता, पण पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखा. गुरुदास खराटा टेकून बघत होता. "सांगलें न्हय तुका?" तो म्हणाला. ती हो म्हणाली. तिला मोकळं वाटायला हवं होतं. तो बरोबर होता. वेडं झालं होतं ते झाड. पण झाड वेडं झालं म्हणून नवरा शहाणा ठरतो का? दोघंही एकाच हवेत उभे होते, एकाच परसात म्हातारे झाले होते. आणि फेरी? फेरीला तर ऋतू नसतो.

शेवटी तिने तेजस्विनीला फोन केला. तेजस्विनी पर्वरीला राहते, चौथ्या मजल्यावर, नोकरी, दोन पोरं, सगळं घड्याळावर. क्षमा पुरुमेंताचं बोलली, फेरीचं बोलली. टिप्पण्यांचं बोलायला तिची जीभ वळली नाही. तेजस्विनी म्हणाली, "आई, मी म्हापशाला एका डॉक्टरांची वेळ घेते, डोक्याचे चांगले डॉक्टर आहेत. बाबांना सांग, तुझा गुडघा दाखवायचाय. आणि हे बघ, ते काय म्हणतात त्यावर ठरवू. तसं काही निघालं तर तुम्ही दोघं तिथे एकटी नाही राहायची. घर बंद करून इकडे यायचं. गेस्टहाऊसवाले विचारतायत ना भाड्याने?" एवढं सगळं ती एका दमात बोलली, म्हणजे आधीच ठरवलेलं होतं. क्षमाला चौथ्या मजल्यावरची ती गॅलरी दिसली, तीन कुंड्या, खाली हायवे. गुरुदास तिथे सकाळी उभा आहे, पाय कोरडे, आणि विचारतोय, दर्या खंय गे? आपण एक फोन केला आणि त्याचं परस त्याच्या पायाखालून काढलं. ती रात्र तिने बघत काढली, तो झोपेत कसा श्वास घेतो ते.

जायच्या दिवशी तो तिच्याआधी तयार. इस्त्रीचा शर्ट, काखेत तिची जुनी फाईल, पाण्याची बाटली. "चल, कांय खावन घे, उपाशीं वचूं नाका." स्कूटर नको म्हणाला, तुला त्रास होईल, रिक्षा सांगितली. रिक्षात चढताना तिचा कोपर धरला. इतका मऊ तो कधी वागला नव्हता. तिला वाटलं, ह्याला कळलंय. मग वाटलं, कळलं असतं तर आला असता का? ती त्याच्याकडे चोरून बघत होती, आणि एकदा वळली तर तोही चोरून तिच्याकडेच बघत होता. दोघांनी नजर काढून रस्त्यावर ठेवली. दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "पेशंट कोण?"

"हे," क्षमा म्हणाली.

"ही," गुरुदास म्हणाला.

एकाच वेळी. पोरीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "दोघांचीही नावं आहेत हो इथे. मुलीने दोघांचीही वेळ घेतलीय."

मागे बसलेल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. ही दोघं कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली, मध्ये फाईल ठेवून.

"माका कितें जालां?" क्षमाने दबक्या आवाजात विचारलं.

"तूं विसरता गे," तो म्हणाला. रागाने नाही. "तूं जंय बुडटाली म्हणून सांगतालीस, तें तळें आटयता. दर्या तुळशीमेरेन हाडटा. जांभळांचे गरे करता. हांव कितें करूं? तोंडार सांगलें जाल्यार तूं भियेतली. म्हणून तें सकयल बरोवन दवरलें. खरें खंय तरी बरयल्लें आसूं, मागीर तुका सोदूंक जाय पडलें जाल्यार." लेखांखालची ती वाक्यं त्याचीच होती, पुढे कधी तिला शोधायला लागलं तर खरं कुठेतरी सापडावं म्हणून लिहिलेली. त्याने चष्मा काढून पुसला. "तेजूक सांगलें. ती म्हणाली, आईला ने, तुमचा बीपी दाखवायचाय म्हणून सांगा."

"तें हांव मुद्दम बरयतां! लोकांनी वाचचें म्हणून!"

"मुद्दम? आनी जांभळां?"

ती उसळून म्हणाली, "आनी तुमी? आश्विनांत पुरुमेंत कोण करता?"

"पावस वचना, ताका हांव कितें करूं?"

"आनी पुलार फेरी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "खंयची फेरी?" म्हणाला. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

डॉक्टर तरुण, घाटावरचा, बोलायला गोड. आधी क्षमाला विचारलं, वार, तारीख, शंभरातून सात वजा करत जा. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. थोड्या वेळाने तिने तिन्ही सांगितले, आणि वर चौथा आपल्या पदरचा. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लिहिता वाटतं?" मग गुरुदास. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वजाबाकी तिच्याहून लवकर केली. क्षमाचा श्वास थोडा सैल झाला. डॉक्टरांनी मान खाली घालून, लिहितालिहिता विचारलं, "आणि काका, आता ऋतू कोणता चालू आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. क्षमाला वाटलं, हे मला विचारलं असतं तर? पंचांगात शरद. पण अंगाला घाम वैशाखाचा, दाराशी छत्र्या गळतायत श्रावणातल्या, परसात मोहर पौषातला, आणि गच्चीवर पुरुमेंत. ह्या प्रश्नाला उत्तर आहे का कोणाकडे? आणि ह्याच प्रश्नावर एक घर उभं, एक परस, एक माणूस. एका शब्दावर. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, हा प्रश्न नका विचारू, हा प्रश्न चुकीचा आहे, तो नव्हे. गुरुदास गुडघ्यांमध्ये धरलेल्या छत्रीच्या मुठीकडे बघत होता. आणि मग म्हणाला, "दोतोर, तें तुमीच सांगात. आमकां आतां कळना जालां."

डॉक्टर खळखळून हसले. दारातली पोरगी हसली. क्षमा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टरांनी लिहिलं, दोघांचंही वयाच्या मानाने ठीक, पुन्हा दाखवायला या. तेजस्विनीला तिथूनच फोन झाला, घर राहिलं, परस राहिलं, गेस्टहाऊसवाल्याला नाही म्हणून सांगितलं. म्हापशाच्या बाजारात दोघांनी भाजीपाव खाल्ला, एकाच ताटलीत, आणि गुरुदासने शालिनीला द्यायला म्हणून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेतली. वाटेत दोघांनी ठरवलं, ह्यापुढे तिने घालायचं तेवढं घालावं आणि त्याने खाली नाव घालून लिहावं. असं सगळं गोड झालं.

आता मोरजाईची आण घेतलीय, आणि उद्या पोदेर दारावरून जायचाय, म्हणून सांगून टाकते. सगळं खरं, एक तेवढं मी घातलं. 'तुमीच सांगात' हे गुरुदास बोलला नव्हता. तो छत्रीच्या मुठीकडे बघत राहिला होता, आणि डॉक्टरांनी लिहिणं थांबवून मान वर केली होती. ते क्षमा बोलली. घाईघाईने, त्याच्या दंडावर हात ठेवून, ह्यांच्या मनातलं मीच सांगते अशा तोऱ्यात. मग सगळे हसले. सगळ्यांचं हसून झालं, पोरगी परत काउंटरवर गेली, आणि तेव्हा क्षमाच्या तोंडाकडे बघून तोही हसला.